टपालानं चाललेला प्रोग्राम

शालन आमच्या घरात होती तोवर आईला कुणी विचारलं, मुली किती, तर ती सरळ दोन म्हणायची, आणि थोरली कोणती म्हटलं की शालनकडं बोट करायची. खरं तर ती माझ्या आत्याची मुलगी. आमच्या आजोबांनी मेंढरं मोडून चार एकर जमीन केली आणि माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणत असू, साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले. पण आत्याच्या सासरी मेंढरं राहिली. दसरा झाला की तिचं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर चढायचं आणि मोरगाव, जेजुरी, सासवड करत, मुळशीच्या रानातून ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात जायचं, ते मिरगाच्या तोंडाला माघारी. चालत्या बिऱ्हाडाला शाळा कुठली असणार? म्हणून सात वर्षांची शालन आमच्याकडं भवानीनगरला आली, आणि उशिरा शाळेत घातल्यामुळं माझ्याहून दीड वर्षानं मोठी असून माझ्याच वर्गात बसली.

कारखान्याच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या. हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस गोड वास घरातल्या कपड्यांना, पाण्याच्या माठाला, वह्यांच्या पानांनासुद्धा लागायचा. भोंग्यावर सगळ्यांचं जगणं चालायचं. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला आण्णा सायकल बाहेर काढायचे. उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जायचे आणि त्यांच्यामागं पोरं ऊस ओढायला धावायची. शालन कधी धावली नाही. ती पायरीवर बसून गाडीला किती मोळ्या असतील याचा अंदाज बांधायची आणि मग कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर काम करणाऱ्या शेजारच्या काकांना विचारून यायची की बरोबर का. थंडीत आई हुलग्याचं माडगं करायची. लसणाची फोडणी दिलेलं ते कढत माडगं शालन दोन वाट्या प्यायची आणि तिसरी वाटी पुढं घेऊन नुसती बसायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "आईला लई आवडतं. आता ती कुठं असंल?" आत्याची पत्रं येत नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं, आणि रोज दुसऱ्या गावाला असणाऱ्या माणसाला आपण तरी कोणत्या पत्त्यावर लिहायचं? सात-आठ महिने शालनची आई कुठंतरी असायची, एवढंच.

आमच्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. वसाहतीपासून तासाभराच्या चालीवर ती होती आणि आम्हाला इंग्रजी शिकवायला पाटणकर बाई रोज बारामतीहून एसटीनं यायच्या. नववीत असताना बाईंना कुठल्याशा मासिकात परदेशी मुलामुलींचे पत्ते मिळाले. पत्रमैत्री करू इच्छिणारी मुलं ती. बाईंनी वर्गात पत्ते वाटले, पत्र कसं लिहायचं ते फळ्यावर दाखवलं आणि सगळ्यांना एक प्रश्न सारखाच घालायला सांगितला: तुमच्या शाळेत संगणक शिकवतात का? त्या वर्षी बाईंच्या पुण्यातल्या भाच्याला शाळेत संगणक हा विषय आला होता आणि बाईंच्या डोक्यात तो घोळत होता. आम्ही तर संगणक पाहिलेलाच नव्हता. बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे असं कुणीतरी म्हणायचं, पण तो बघितलेला माणूस आम्हाला भेटला नव्हता.

पत्रं बरीच गेली, उत्तरं चार आली. बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली. इंग्लंडमधली हेलन, जिचा पत्ता मला आला होता, तिनं लिहिलं होतं की त्यांच्या शाळेत एक खास खोली आहे, पंधरा यंत्रं आहेत, एका यंत्रावर दोघं बसतात, आठवड्याला दोन तास असतात आणि छपाईचं यंत्र सारखं बिघडतं. फिनलंडच्या मुलीनं लिहिलं, हा विषय आमच्याकडं ऐच्छिक आहे, मी घेतला नाही, मला तो कंटाळवाणा वाटतो. हे वाचल्यावर सगळा वर्ग एकमेकांकडं बघायला लागला. श्रीलंकेतल्या मुलानं लिहिलं, एक यंत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, वरच्या वर्गातल्या मुलांना लांबून दाखवतात. आणि केनियातल्या मुलीनं लिहिलं, आमच्याकडं नाही, पण माझ्या भावानं शहरातल्या एका बँकेत पाहिला आहे. बाईंनी पांढऱ्या कार्डशीटवर तक्ता केला. देशांची नावं एका बाजूला, समोर माहिती. शेवटी त्यांनी लिहिलं, भारत, आणि समोर, नाही.

शालन उभी राहिली. "बाई, पुण्यात हाय म्हणाला हुता ना तुमी?"

"हो, आहे."

"मग भारत न्हाय कसं लिवायचं? पुणं भारतातच हाय की."

बाईंनी पेन पुन्हा हातात घेतलं. मग त्यांनी ती ओळ खोडली आणि तिथं दोन ओळी केल्या. एक, भारत, पुणे. दुसरी, भारत, आम्ही. तो तक्ता वर्षभर वर्गात लटकत होता. पुढं माझा सगळा जन्म हाच विषय शिकवण्यात गेला. कुठल्या देशातल्या शाळांत किती यंत्रं आहेत, कोणत्या इयत्तेपासून शिकवतात, याचे मोठमोठे अहवाल मी वाचले, परिषदांमध्ये ऐकले. त्यांत देशाला एकच ओळ असते. दरवेळी मला वाटतं, शालन असती तर उभी राहिली असती.

हेलनच्या दुसऱ्या पत्राबरोबर एक जाड पाकीट आलं. तिच्या मागच्या इयत्तेतली, पिना मारलेली पातळ पुस्तिका होती ती, बेसिक नावाच्या भाषेत प्रोग्राम कसे लिहायचे याची. मी चाळून बाजूला ठेवली. शालननं ती उचलली आणि दिवाळीची सगळी सुट्टी तिच्यात डोकं घालून बसली. तिचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं. मी म्हटलं, तुला कसं जमणार? तर म्हणाली, "ह्याला तरी कुठं इंग्रजी येतंय? ह्याला धा-बारा शब्द येत्यात. तेवढं मला पाठ हायती." प्रिंट, इनपुट, इफ, देन, गो टू. ती हे शब्द भाकरी थापताना पुटपुटायची आणि आई म्हणायची, पोरीला काय झालंय गं.

यंत्र नव्हतं म्हणून यंत्र मी झाले. अंगणात शालन खडूनं चौकोन आखायची, प्रत्येकाला एक अक्षर द्यायची आणि त्यांत चिंचोके ठेवायची. मग वहीतली एकेक ओळ वाचायची आणि मी तसं करायचं. ए मधले चिंचोके बी मध्ये टाक. बी मध्ये धापेक्षा जास्त झालं तर चाळीस नंबरच्या ओळीवर जा. मी मधेच म्हणायची, अगं, हे तर सरळ दिसतंय, उत्तर सात आहे. ती चिडायची. "तू इचार करू नगंस. संगणक इचार करत न्हाय. सांगितलंय तेवढंच कर." संक्रांतीपर्यंत मला तिच्या ओळी पाठ झाल्या होत्या. विषय मी पहिल्यांदा शिकले तो असा, चिंचोके उचलत, आणि शिकवणारी माझ्याच अंथरुणात झोपायची.

तिचा पहिला मोठा प्रोग्राम आत्याचा होता. तिनं आत्याच्या मागच्या सगळ्या फेऱ्यांच्या गोष्टी आठवून आठवून मुक्कामांची यादी केली. कोणत्या गावाला किती दिवस थांबतात, कोकरं लहान असली की किती हळू चालतात, हे सगळं तिनं आकड्यांत बसवलं. निघाल्याचा दिवस सांगायचा आणि आजचा दिवस सांगायचा, की यंत्रानं गावाचं नाव लिहायचं. म्हणजे आज आई कुठं आहे ते कळणार. तिनं तो स्वच्छ अक्षरात लिहून काढला, बाईंनी इंग्रजीत चार ओळींचं पत्र जोडलं आणि आम्ही तो हेलनला पाठवला, की तू तुझ्या शाळेच्या यंत्रावर चालवून बघशील का?

उत्तर यायला सहा आठवडे लागले. पाकिटात कडेला भोकं असलेल्या लांब कागदाची घडी होती आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात एकच ओळ छापलेली होती: सत्तराव्या ओळीत चूक. शालननं वही काढली, सत्तरावी ओळ बघितली आणि कपाळावर हात मारला. एक स्वल्पविराम राहिला होता. हेलनला तो सहज घालता आला असता, पण तिनं लिहिलं होतं, प्रोग्राम तुझा आहे, दुरुस्ती तू करावीस असं मला वाटलं. मला त्या गोऱ्या पोरीचा राग आला. शालनला नाही आला. ती म्हणाली, "बरूबर हाय तिचं." स्वल्पविराम घालून कागद परत गेला. मग पुन्हा सहा आठवडे. एवढ्याशा टिंबासाठी तीन महिने! हेलनच्या वर्गात हीच गोष्ट एका मिनिटात झाली असती, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण शालन रोज पोस्टमनची वाट बघायची आणि मला वाटतं ती त्या तीन महिन्यांत सुखी होती.

तो चालला. आणि आम्ही दहावीत गेल्यावर, दसऱ्याला आत्याचं बिऱ्हाड हललं, तेव्हा शालननं निघाल्याचा खरा दिवस हेलनला कळवला. मार्गशीर्षात त्या वर्षाची सगळी यादीच आली. एकेका दिवसासमोर एकेक गाव. शालननं ती चुलीमागच्या भिंतीला डकवली. सकाळी दात घासताना ती म्हणायची, "आज आई पौडाला हाय." आईसुद्धा हळूहळू त्या यादीवर विश्वास ठेवायला लागली. शेजारणीला सांगायची, आमच्या वन्संचा आज घाट उतरायचा दिवस.

त्याच सुमाराला शाळेत बातमी आली की कुठल्याशा धर्मादाय संस्थेनं आपल्याला एक संगणक दिला आहे. एक. प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी करून रंगवली, खिडकीला पडदा लावला, चपला बाहेर काढायची पाटी लागली. दहावीतली दहा मुलं निवडली, गणिताच्या मार्कांवर. दहाही मुलगेच. मुलींना त्या तासाला शिवणकाम होतं. पाटणकर बाई मुख्याध्यापकांशी दोन दिवस भांडल्या आणि शेवटी अकरावी जागा मुलीसाठी मिळाली. त्या जागेवर कोण बसणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. एवढंच नाही, तर गुरुवारी उद्घाटनाला पुण्याहून पाहुणे येणार होते आणि त्यांच्यापुढं शालननं आपला प्रोग्राम चालवून दाखवायचा असं बाईंनी ठरवून टाकलं. त्या आठवड्यात शालन घरी आली की वही उघडायची आणि बोटांनी जमिनीवर अक्षरं बडवायची. हेलननं कळांची जागा कागदावर काढून पाठवली होती, ती तिला तोंडपाठ होती.

सोमवारी संध्याकाळी आम्ही शाळेतून आलो तर ओट्यावर शालनचे वडील, म्हणजे आत्याचे यजमान भिकामामा, बसले होते. अंगावर घोंगडं, पायांत फुफाट्यानं पांढऱ्या झालेल्या वहाणा. मेंढरं सोडून मामा मार्गशीर्षात आमच्या दारात कधीच येत नसत. आई चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवून उभी होती आणि त्यांनी तो उचललाही नव्हता.

"घोडं बुजलं," ते म्हणाले. "घाटाच्या उताराला. तुझी आय खाली आली दगडावर. मांडीचं हाड मोडलंय. मुळशीच्या अंगाला दवाखान्यात टाकलीया."

शालननं खांद्यावरचं दप्तर ओट्यावर ठेवलं. ती आत गेली आणि चुलीमागच्या यादीसमोर उभी राहिली. मी तिच्या मागं गेले. तिनं त्या दिवसावर बोट ठेवलं. "ह्यो म्हनतोय माणगाव," ती म्हणाली. मग बोट खालच्या गावांवरून नेत, "कुणाला काय झालं तर मुक्काम वाढतो, ते मी धरलंच न्हवतं गं."

बाहेर आण्णा कामावरून आले होते. त्यांनी सायकल भिंतीला लावली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भिकाजीराव, तिची धाव्वी हाय. चार महिन्यांव परीक्षा आलीया. मी चार दिस रजा काढतो, येतो तुमच्यासंगं."

"तुमी येऊन काय कराल?" मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "दोन बारकी पोरं रानात हायती. कोकरं व्यालेल्या मेंढ्या हायती. भाकरी कोन थापनार, तिला उचलून कोन बसवनार? बाईमानूस लागतं. माझ्याजवळ दुसरं कोन हाय, सांगा तुमी."

आईनं पदर तोंडाला लावला. मग शालनच बाहेर आली. "मी येते," ती म्हणाली. "फकस्त बेस्तरवारपतूर थांबता का? शाळंत माझं येक काम हाय."

"उद्या नवाची यष्टी हाय, पोरी," मामा म्हणाले. "पोरं परवापासनं दुसऱ्याच्या जिवावर सोडलीती."

ती मान हलवून आत गेली आणि तिनं कपडे बांधायला घेतले.

मंगळवारी उजाडल्याबरोबर ती मला म्हणाली, चल, शाळेत जाऊन येऊ. आम्ही जवळजवळ पळतच गेलो. खोलीला कुलूप होतं. शिपाई गेनूतात्या व्हरांडा झाडत होते, म्हणाले, किल्ली साहेबांपाशी. मुख्याध्यापक शाळेच्या मागंच राहत. ते बनियनवर बाहेर आले, शालननं काय सांगितलं ते नीट ऐकून घेतलं. "मला फकस्त येकदा हात लावायचा हाय, सर. चालू नका करू. नवाच्या यष्टीनं जायचंय मला."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी बराच विचार केला हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "हे बघ बाळ," ते म्हणाले, "अजून मीसुद्धा हात लावलेला नाही. बारीकशी काही गोष्ट बिघडली तर पाहुण्यांपुढं शाळेची लाज जाईल. तू परत आलीस की तुलाच पहिल्यांदा बसवतो. शब्द देतो." ती "बरं" म्हणाली. परत येताना आम्ही खिडकीशी थांबलो. पडद्याच्या फटीतून टेबलावर पांढऱ्या कापडाखाली झाकलेला एक उंचवटा दिसत होता. तिनं काचेला कपाळ लावून तो पाहिला. मग वही माझ्या हातात दिली. "तू चालवून बघ," ती म्हणाली. नऊच्या एसटीत ती मामांच्या शेजारी खिडकीला बसली आणि गाडी वळेपर्यंत समोरच बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, बारामतीहून यंत्र जोडून देणारे शिक्षक आले आणि म्हणाले, आधी चालवून बघितल्याशिवाय पाहुण्यांपुढं ठेवणं योग्य नाही. सरांनी लगेच किल्ली काढून दिली. बाईंनी मला बसवलं. एका दिवसाचा फरक. शालन तेव्हा मुळशीच्या वाटेवर कुठंतरी असेल. मी तिची वही उघडून एकेक ओळ टाकत गेले आणि दोन तासांनी काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत गावं उमटायला लागली. मी रडले. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना वाटलं आनंदानं.

गुरुवारी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. पाहुण्यांनी फीत कापली, नारळ फुटला. आण्णा अर्धी रजा टाकून इस्त्रीचा सदरा घालून मागं भिंतीला उभे होते. सरांनी माझं नाव पुकारलं. मी प्रोग्राम चालवला. दिवस विचारला, गाव आलं. पाहुणे खुर्चीतून पुढं झुकले. त्यांनी स्वतः दुसरा दिवस सांगितला. गाव आलं. "अरे वा," ते म्हणाले, "हे तर आमच्या पुण्याच्या मुलांनाही जमायचं नाही. कुणी लिहिला हा प्रोग्राम?"

शालनचं नाव माझ्या तोंडात होतं. पण ते सांगितलं तर ती कोण, कुठं आहे, का आली नाही, ते सगळं सांगावं लागणार होतं, आणि सगळे माझ्याकडं बघत होते, आणि त्या बघण्याची मला तेवढ्या पाच मिनिटांत चटक लागली होती. हे आता लिहिताना कळतं. तेव्हा एवढंच झालं, की मी म्हणाले, "मी."

टाळ्या झाल्या. पाटणकर बाई दाराशी होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. त्या नुसत्या खिडकीकडं बघायला लागल्या. घरी आल्यावर आण्णा जेवले, ताट उचलून मोरीत ठेवलं, हात पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "शालनचं नाव घ्याचं हुतंस." तो विषय त्यांनी पुन्हा आयुष्यात कधी काढला नाही.

अकरावी जागा मला मिळाली. पाहुण्यांच्या ओळखीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत बारामतीला संगणकाच्या वर्गात फुकट प्रवेश मिळाला, मग तिथंच कॉलेज, मग पुणं. एकातून एक होत गेलं. हेलनची दोन पत्रं आली. दुसऱ्यात तिनं विचारलं होतं, शालन कशी आहे, तिचा पुढचा प्रोग्राम कधी येणार? मी उत्तर दिलं नाही. मग पत्रं थांबली. आत्याचं हाड वाकडं जुळलं, ती पुन्हा चालती झाली नाही, आणि शालन पुढची दोन वर्षं मेंढरांमागं चालली. सरांनी दिलेला शब्द तिनं मागितला नाही. तिची दहावी राहिली ती राहिलीच. मग तिचं लग्न झालं, इंदापूरच्या बाजूला दिलं. पुढं त्यांचीही मेंढरं गेली, आणि लोणी देवकरला कारखाने आले तसे दोघं नवराबायको तिथं कामाला लागले. लग्नाकार्यात आमची गाठ पडायची. ती माझ्या मुलांना जवळ घ्यायची, आईची चौकशी करायची. मी दरवेळी ठरवून जायची की आज सांगायचं, आणि दरवेळी कुणीतरी पंगतीला हाक मारायचं.

तीस वर्षं अशी काढल्यावर मागच्या माघात मी मुद्दाम उठून लोणी देवकरला गेले. तिची दुसरी पाळी होती, ती सुरू व्हायला वेळ होता. कारखान्याच्या फाट्यावर चिंचेखाली बाकडं आहे, तिथं आम्ही बसलो. तिचे केस माझ्याहून जास्त पिकलेत. कारखान्यात सरकत्या पट्ट्यापुढं उभं राहून डबे भरावे लागतात, त्यानं तिचे पाय सुजतात, म्हणून तिनं चपला काढून पाय वर घेतले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. पाहुण्यांनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले.

रस्त्यानं एक टँकर गेला, तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"म्हायती हाय मला," ती म्हणाली. "मिरगाला आलो तवाच बाईंनी सांगितलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुला जागा मिळाली, बरं झालं. मला तर मिळनारच न्हवती." ती पायाचा घोटा चोळत राहिली. "तू 'मी' म्हनलीस त्याचं मला लई न्हाय वाटलं. पर तू येऊन सांगितलं न्हाईस गं. मी वाट बघत हुते. तितं घाटाखाली रोज भाकरी थापताना म्हनायची, आता गेल्यावर सुरेखा सांगंल, कसं असतंय ते. हात लावल्याव कसं लागतंय. तू आलीस, कालीजच्या गोष्टी सांगितल्यास, आन गेलीस."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या पिशवीत मोबाईल होता, तो ती रोज वापरते, नातवाला शहरात व्हिडिओवर बघते. आता मी काय सांगणार होते तिला?

"सांग की," ती म्हणाली. "अजून येळ हाय तुझ्या गाडीला."

मग मी सांगितलं. कळा गार होत्या आणि दाबल्यावर आत जाऊन टक्क वाजायच्या. एक अक्षर दाबलं की पडद्यावर ते लगेच यायचं, बोट उचलायच्या आत. चालू करताना आधी पंख्यासारखा आवाज आला आणि काचेवर हात नेला तर अंगावरचे केस उभे राहिले. सत्तराव्या ओळीला मी थांबले आणि स्वल्पविराम दोनदा तपासला. आणि शेवटी रन लिहून मोठी कळ दाबली तेव्हा काही क्षण काहीच झालं नाही, नुसता एक हिरवा चौकोन उघडझाप करत होता, आणि मला वाटलं बिघडलं, आणि मग एकदम मोरगाव आलं.

शालन डोळे मिटून ऐकत होती. मांडीवर तिची बोटं हळूहळू हलत होती. मी थांबले तर डोळे न उघडताच म्हणाली, "मग? फुडं?"